उत्तम शुक्रवारचा सिनेमा

अण्णांचा आवाज फार गोड होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून लोक त्यांचं भलतंच चित्र डोळ्यांपुढे आणतील आणि ते खोटं असेल. माझे वडील दारू पीत नव्हते, तंबाखूसुद्धा खात नव्हते. साखर कारखान्यात फिटर होते. पहिल्या पाळीहून आले की हातावरचं काळं ग्रीस आधी गोड्या तेलाने सोडवायचे, मग साबणाने हात धुवायचे, आणि कोरडे झाल्यावरच बाजाच्या पेटीला हात लावायचे. ख्रिस्ती कीर्तनासाठी त्यांना राहुरीपासून पुणतांब्यापर्यंत बोलावणी यायची. क्रूसाचं आख्यान लावलं की बाया पदर डोळ्यांना लावायच्या आणि बापई माणसं खाली बघत बसायची. आमची वस्ती देवळाली प्रवरेच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. मिशनची जुनी शाळा, तिला लागून चर्च, ज्याला म्हातारी माणसं अजून देऊळच म्हणायची, आणि भोवती पत्र्याच्या दोन-दोन खोल्यांची घरं. हंगामात कारखान्याच्या भोंग्यावर आमचं उठणं-बसणं चाले आणि मळीचा आंबूस वास वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा यायचा. पाहुणे नाक मुरडत. आम्हाला तो वास येतच नसे.

घरात आम्ही चौघं. अण्णा, आई, मी आणि माझ्याहून धाकटा शमुवेल, म्हणजे शमू. आणि अण्णा आईला मारायचे. हे मी इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही, बोलले मात्र पुष्कळदा, आणि दरवेळी समोरच्याने पहिलं हेच विचारलं की कशावरून. कशावरून म्हणून काही नसायचं. पाणी द्यायला उशीर, उत्तर द्यायला उशीर, नाहीतर उत्तर लवकर दिलं म्हणून. कारखान्यात यंत्राचे तुटलेले पट्टे भंगारात निघत. चपलेला तळ लावायला लोक त्यांचे तुकडे घरी आणत. आमच्याही दाराआड खिळ्याला तसा हातभर तुकडा टांगलेला होता. त्याने एकाही चपलेला तळ लागलेला मी पाहिला नाही. अण्णा दारू पीत असते तर लोकांनी दारूला नावं ठेवली असती आणि सगळ्यांचीच सोय झाली असती. ते पेटी वाजवायचे आणि चर्चच्या मंडळीचे पंच होते, त्यामुळे नावं ठेवायला कुणाला काही सापडत नव्हतं.

आमच्या आणि सुगंधाकाकूच्या घरात एकच भिंत होती, तीही वरपर्यंत गेलेली नव्हती. आमच्याकडे सुरू झालं की काकू तिकडे मोठ्याने गीत म्हणायला लागायची. घरात तिची पोरं असायची, त्यांना ऐकू जाऊ नये हा तिचा हेतू. बाई वाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीभर ताक घेऊन यायची, आईकडे न बघता चुलीपाशी ठेवायची आणि उन्हाळ्याला नावं ठेवत परत जायची. आईसुद्धा काही बोलायची नाही. मारून झालं की ती उठून पदर सारखा करायची आणि आम्हाला म्हणायची, "काय न्हाई, बसा जेवायला." आमच्याकडे हुलग्याचे शेंगोळे फार व्हायचे. लसूण-मिरची घालून मळलेल्या पिठाची बोटाएवढी वळकटी तळहातावर वळायची, तिचं कडं करायचं आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचं. एरवी आईचे शेंगोळे कसे एकसारखे, बारीक. ज्या दिवशी ते जाडेभरडे यायचे त्या दिवशी तिचा हात दुखत असायचा. शमू ताटात बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. आईची समजूत अशी की जे काही लागतं ते तिला एकटीला लागतं आणि आम्ही पोरं जेवून झोपतो.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारची तीन तासांची उपासना संपली की शाळेच्या हॉलमध्ये येशूचा सिनेमा दाखवायची आमच्याकडे रीत होती. नगरहून यंत्र यायचं, पांढरी चादर ताणून बांधायची, खिडक्यांना गोणपाट. बरीच वर्षं एकच सिनेमा होता. त्यातला येशू हिंदी बोलायचा आणि फटक्यांचा प्रसंग आला की शिपाई हात वर करायचा, लगेच पडद्यावर मरियेचा चेहरा यायचा. ती डोळे मिटायची, मागे वाद्यं वाजायची आणि पुढच्या क्षणी खांद्यावर क्रूस. आम्हा पोरांना तो तोंडपाठ होता. रीळ मधेच तुटायची जागासुद्धा पाठ होती. मग आमच्या मंडळीला नवे पाळकसाहेब मिळाले. तरुण, शहरात शिकलेले, बोलणं तळमळीचं. त्यांनी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आधीच्या रविवारी, सांगितलं की यंदा वेगळा सिनेमा आणतो आहे, परदेशातला. त्यात फटके जसे बसले तसे दाखवले आहेत, काही झाकलेलं नाही.

शांतवन गुरुजी म्हणून शाळेचे जुने मास्तर होते, ते उठले. म्हणाले, "साहेब, लेकरं बसत्यात म्होरं. त्यान्ला रगात दाखवून काय साधायचं? क्रूस समजायला रगातच बघाया लागतं व्हय?" पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, आपण क्रूस गळ्यात घालून घालून गुळगुळीत केला आहे. खिळे टोचेनासे झाले आहेत. लोकांना एकदा खरं दिसू द्या. पाहिल्याशिवाय अंतःकरण फुटत नाही." दोघांचंही म्हणणं मला तेव्हा पटलं. आजही दोघांचं पटतं आणि म्हणूनच या विषयाचा मला कंटाळा येतो. अण्णा पंचांच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "दाखवा साहेब. आमची मनं दगड झाल्यात." त्यांच्या तोंडून आलं म्हटल्यावर विषय संपला.

त्या रात्री जेवताना अण्णा त्याच विचारात होते. चांगल्या मनःस्थितीत होते. आई तव्यापाशी होती.

"लेकरं भ्यायची की," ती म्हणाली.

"भ्यायलाच पायजेत. दुसऱ्याचं दुख डोळ्यानं बघितल्याबिगर मानूस सुधरत न्हाई."

आईने भाकरी उलटली. "बघितल्यावर सुधरतो?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, जसं एखाद्याने डॉक्टरला विचारावं की या गोळीने ताप उतरतो का.

"सुधरतोच," अण्णा म्हणाले आणि त्यांनी भाकरीसाठी हात पुढे केला. आईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहत राहिली. मला वाटतं, तिने ते मनाशी धरून ठेवलं.

आता माझा नातू माझ्याकडे राहतो, नगरला कॉलेजात जातो. म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ वळत नाही. रविवारी मुलगी-जावई येतात आणि टीव्हीवर कसला तरी सिनेमा लागलेला असतो. कुणी कुणाला हातोडीने मारत असतं, आणि ते कवटी फुटण्याच्या आवाजासकट. नातू म्हणतो, "आजी, बघ ना, किती रिअल आहे." जावई म्हणतो, समाजात जे चाललंय ते असं अंगावर आल्याशिवाय कळत नाही लोकांना. मुलगी म्हणते, कळत काही नाही, पोरं निबर होतात. मग तिघंही माझ्याकडे बघतात, कारण मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात परिचारिका होते आणि मारहाणीच्या केसेस मीच धुतल्या-पुसल्या आहेत. मी म्हणते, चहा ठेवते. त्यांना वाटतं, म्हातारीला रक्त बघवत नाही. रक्ताचं मला काही नाही. मला आईचा तो प्रश्न बघवत नाही.

त्या शुक्रवारी ऊन असं होतं की हॉलच्या पत्र्याखाली श्वास कोंडत होता. उपास सगळ्यांनाच. पुढे पोरं जमिनीवर, डावीकडे बाया, उजवीकडे बापई, मागच्या भिंतीशी तरणी पोरं. बाहेर जनरेटर धडधडत होता. या सिनेमाला हिंदीसुद्धा नव्हतं, म्हणून पाळकसाहेब पडद्याशेजारी माईक घेऊन उभे राहून मराठीत सांगत होते. आता बागेत आले, आता यहूदाने मुका घेतला, आता राज्यपालापुढे नेलं. मग येशूला खांबाला बांधलं, आणि पाळकसाहेबांनी माईक खाली घेतला. तिथे सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी त्याचं वर्णन करणार नाही. मला येतं ते, पण मग मीही तेच केल्यासारखं होईल. एवढंच सांगते की ते संपता संपत नव्हतं आणि आवाज खरा होता. पोरं ओरडायला लागली. दोन-तीन बाया आपापली लेकरं उचलून गोणपाट बाजूला सारून बाहेर पळाल्या. शमूने माझ्या मांडीत तोंड खुपसलं. बाया पदराआडून बघत होत्या, बोटांच्या फटीतून बघत होत्या, पण बघत होत्या. आणि त्या सगळ्यात माझ्या मागून बारीक आवाजात गीत ऐकू यायला लागलं. सुगंधाकाकू होती. फटक्यांचा आवाज ऐकल्याबरोबर सवयीने ती गायला लागली होती. एक ओळ होईपर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तशी तिने तोंडावर हात ठेवला आणि आईकडे बघितलं.

आईने पदर डोळ्यांना लावला नव्हता. ती ताठ बसून पडद्याकडे बघत होती. रडत नव्हती. कपाळाला आठ्या घालून, अंधारात सुईत दोरा ओवताना बघायची तशी बघत होती. आणि उजवीकडे अण्णा हुंदके देत होते. मोठ्याने, खांदे हलवत. पडद्यावरच्या शिपायाला ते तोंडाने शिव्याशाप देत होते. "झडो तुजं हात! सैताना, झडो तुजं हात!" शेजारच्या माणसाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी अण्णांना त्याआधी असं रडताना पाहिलं नव्हतं. मला त्यांची फार माया आली. हे कुणाला विचित्र वाटेल, पण मुलांचं असंच असतं.

सिनेमा संपला, गोणपाटं काढली, उजेड आत आला तसे सगळ्यांचे चेहरे दुखणं काढून उठलेल्या माणसांसारखे दिसायला लागले. पाळकसाहेबांनी माईक पुन्हा तोंडाशी धरला. ते म्हणाले, "ज्यांच्या अंतःकरणाला देवाने स्पर्श केला त्यांनी साक्ष द्यावी." आमच्यात साक्ष ही नेहमीची गोष्ट. उभं राहायचं, 'प्रभूचे आभार मानतो' असं म्हणून सुरुवात करायची, आपलं काय भलं झालं ते सांगायचं. मुलगा पास झाला, हरवलेली शेळी सापडली, ताप उतरला. सांगून झालं की सगळ्यांनी मिळून 'आमेन' म्हणायचं आणि पुढच्याने उठायचं. शेळी किती दूध देते हेही काहीजण सांगत, तेव्हा 'आमेन' जरा लवकर यायचं. आईने कधीच साक्ष दिली नव्हती. कुणी आग्रह केला तर म्हणायची, माझं काय हाय सांगण्यासारखं.

आधी अण्णा उठले. म्हणाले, "प्रभूचे आभार मानतो. माज्या पापापायी त्यानं फटकं खाल्लं. आज माजं काळीज फाटलं. ज्यानं मारलं त्याला मी मनापासून शाप दिला." सगळे म्हणाले, "आमेन." दोघं-तिघं आणखी बोलले. आमेन, आमेन. मग माझ्या शेजारून आई उठली. डोक्यावरून पदर घेतला, तो हनुवटीशी धरला आणि बोलली. मोठ्याने नाही, पण हॉल शांत होता.

"प्रभूचे आभार मानते. आज मारत्यात कसं त्ये मी बघितलं. मार खाताना माजं डोळं मिटलेलं असत्यात, म्हनून मला कदी दिसलं न्हवतं. आमचं ह्ये मला मारत्यात, पट्ट्यानं. आवाज असाच येतो. माज्या लेकरान्ला त्ये असंच दिसत असंल. आज ह्येंच्या डोळ्याला पानी आलं, म्हनून बोलले."

आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली, "आमेन."

कुणाचा तसा हेतू नव्हता. साक्ष संपली की आमेन, ही जिभेला लागलेली सवय. ऐकलेलं आत उतरायच्या आधी तोंडातून बाहेर पडलेलं. पण ते पडलं. जनरेटर चालूच होता. मागच्या भिंतीशी एक पोरगं फिसकन हसलं आणि त्याला कुणीतरी चापट मारली. आई उभीच होती. तिला वाटलं असावं की आता कुणीतरी काहीतरी विचारेल. अण्णा समोर बघत होते, कानाच्या पाळ्या लाल. मंडळीत पुढाकार घेणारे शांतवन गुरुजी चष्मा पुसत बसले. पाळकसाहेबांनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाले, "या कुटुंबाच्या शांतीसाठी आपण प्रार्थना करू." तेवढ्यावर सगळ्यांनी सुटल्यासारखे डोळे मिटले. तासभर उघड्या डोळ्यांनी रक्त बघितलेल्या माणसांनी.

घरी येताना अण्णा पुढे, आम्ही मागे. रोज वाटेत चार जण थांबवायचे त्यांना, त्या दिवशी जो तो आपल्या चपलांकडे बघत चालला होता. मला फक्त एकच दिसत होतं, की दार लागल्यावर काय होणार. शमूचा हात माझ्या हातात घामाने ओला झाला होता. मी मनात ठरवत होते की ओरडायचं, सुगंधाकाकूला नाव घेऊन हाक मारायची, गीत म्हणू नको, ये, असं म्हणायचं. आईने चूल पेटवली. उपास सोडायला शेंगोळ्यांचं पीठ मळायला घेतलं. अण्णा भिंतीला पाठ लावून बसले. भिंतीपलीकडे अगदी सामसूम, नेहमीसारखी भांडीसुद्धा वाजत नव्हती.

"भर मंडळीत लाज काढलीस माजी," अण्णा शेवटी म्हणाले.

"लाज काढायला न्हवते उठले," आई म्हणाली. ती पीठ मळायची थांबली. "तुमी रडत हुता. त्या शिपायाला शाप देत हुता. मला वाटलं, सवतालाच देताय. मला वाटलं, तुमाला दिसलं."

"सवताला?" अण्णांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते खरोखर गोंधळले होते. "माजा काय संबंद त्या शिपायाशी? मला तर वाटत हुतं, त्ये फटकं माज्याच पाठीवर पडत्यात. सोसवत न्हवतं मला."

"तुमच्या पाठीवर?" आई म्हणाली.

ते म्हणाले, "व्हय." आणि पुन्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने परातीत मान घातली आणि शेंगोळे वळायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. त्या सबंध दिवसात ती रडली नव्हती, ती तेव्हा रडली. पट्ट्याने मारल्यावरसुद्धा कधी तिचा चेहरा असा पडलेला मी पाहिला नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की झालं, संपलं, आज यांना कळलं. अण्णांनी मारल्याचा जितका राग मला कधी आला नाही तितका त्यांच्या त्या रडण्याचा आला. तो अजून गेलेला नाही. त्या दिवशी अण्णांनी हात उगारला नाही. जेवले आणि झोपले.

पुढे नोकरीत असताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं. बायकोचा हात मोडून तिला घेऊन आलेला माणूस बाहेर बाकावर बसून रडायचा, आणि विचारलं तर स्वतःचंच दुःख सांगायचा. मी आता असं मानते की त्या हॉलमध्ये जितकी माणसं होती तितकी सगळी त्या खांबाला बांधलेली होती. चाबूक कुणाच्याच हातात नव्हता. नातवाच्या सिनेमातही तो कधी कुणा बघणाऱ्याच्या हातात नसतो. मग तो सिनेमा फुकट गेला का? तसंही म्हणता येत नाही. तो नसता तर आईला स्वतःचं जगणं बाहेरून दिसलं नसतं, आणि ती उठली नसती. आणि शमू त्यानंतर वर्षभर अंथरूण ओलं करत होता. आज साठी उलटलेला माणूस, अजून थिएटरात पाऊल टाकत नाही. सिनेमाचं नाव काढलं की उठून बाहेर अंगणात जातो. एका बाईला दिसलं, तेवढ्यासाठी किती लेकरांची झोप घालवायची, याचं उत्तर मला अजून आलेलं नाही. ज्यांना येतं ते तरुण असतात.

ईस्टर झाला, मटण झालं, नवे कपडे झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णांनी पुन्हा मारलं. कशावरून ते आठवत नाही. पट्टा तोच. मला वाटलं, आता आई कायमची गप्प बसेल. पण पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे, आणि आई उठली. "प्रभूचे आभार मानते. ह्या आठवड्यात पुन्ना मारलं." बसली. या खेपेला आमेन आलं नाही. लोक शिकले होते. उपासनेनंतर दोन बाया आल्या आणि म्हणाल्या, अगं, घरातलं घरात ठेवावं. आई म्हणाली, "घरातच ठिवलं हुतं की इतकी वर्सं. कुठं जागा ऱ्हायली न्हाई आता." सुगंधाकाकू शेजारी उभी होती. त्या दिवशी ती ताक द्यायला आली तेव्हा बसली. चुलीपाशी, आईच्या समोर, चांगली घटकाभर.

पुढच्या महिन्यापासून साक्षीचा कार्यक्रम बंद झाला. वेळ पुरत नाही असं कारण दिलं. कुणीच हरकत घेतली नाही, ज्यांच्या शेळ्या सापडत होत्या त्यांनीही नाही. अण्णांना वाटलं, सुटलो. त्यांनी पुन्हा एकदा हात टाकला. आणि त्या रविवारी घोषणा वाचून झाल्या, पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी हात वर केले, तर त्यांच्या आधी आई उभी. कुणी विचारलेलं नसताना. "प्रभूचे आभार मानते," एवढंच म्हणाली आणि थांबली. पुढचं सांगायची गरज नव्हती. सगळी मंडळी वळून पंचांच्या बाकाकडे बघत होती.

अण्णा बदलले असं मी म्हणणार नाही. त्यांना तिची दया आली नाही. क्रूसाचं आख्यान ते तितकंच गोड गात राहिले आणि दरवेळी त्यांचा गळा दाटून यायचा. पण मला एक संध्याकाळ आठवते. शनिवार होता. आई भाकऱ्या थापत होती. अण्णा काहीतरी बोलले, तिने काहीतरी उत्तर दिलं, आणि ते उठले. मी शमूला ओढून कोपऱ्यात घेतलं. अण्णांचा हात वर गेलेला होता. आई जागची हलली नाही, तिने डोळेही मिटले नाहीत. थापलेली भाकरी तिने तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि त्यांच्याकडे बघून साध्या आवाजात म्हणाली,

"उद्या रविवार हाय."